मालकाला ‘न्हाई’ म्हणण्याचा तास

“पाऊस येऊ दे न्हाईतर आख्खं आभाळ कोसळू दे! कापूस उघड्यावरच टाकायचा! कावून टाकायचा ते इचारायचं न्हाई. मी मालक हाय!”

असा मी सरकीच्या पोत्यावर उभा राहून ओरडत होतो. डाव्या हातात काठी, उजवा हात मिशीवर, डोळे कवड्यांसारखे बाहेर. समोर तीन पदवीधर उभे होते. एकेक जण हैदराबादेला नाहीतर पुण्याला राहून, खानावळीचं पाणचट वरण वर्षानुवर्षं पचवून, बी.ए.ची गुंडाळी काखेत मारून परत आलेला. त्यांनी मला फक्त एक शब्द ऐकवायचा होता. ‘न्हाई.’ आणि त्याच्यामागं एक कारण जोडायचं होतं. बस.

“बोल बे!” मी बीडच्या पोरावर काठी रोखली.

“जी हुजूर,” तो म्हणाला. मग त्याला आठवलं. “जी हुजूर, न्हाई.”

“हे काय उत्तर झालं?”

“जी न्हाई, हुजूर.”

नेकनूरचा पोरगा तोंडात रुमाल कोंबून हसत होता. नांदूरघाटच्याला हसायचीही ताकद नव्हती. माझ्या मिशीकडं बघूनच त्याला घाम फुटला होता. आणि एकाएकी तिघंही काठीसारखे ताठ झाले. मला वाटलं, माझं सोंग भलतंच रंगलं. मी आणखी चेकाळलो. मालकांचा तो खास खाकरा काढला. तो खाकरा असा होता की मालकांनी नांदूरघाटात घसा साफ केला तर बार्शीच्या बाजारात बैल बुजायचे. वर धोतराचा सोगाही त्यांच्यासारखाच झटकला.

“खाकरा बरा जमलाय,” मागून आवाज आला. “सोगा मी डाव्या हातानं झटकतो.”

दारात खुद्द मालक उभे होते.

आता हा काय प्रकार होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मास्तरला ऊन लागलं होतं.

मालक आमच्या गोदाकाठचे, माझ्याच तलवाड्याच्या शिवेजवळचे. त्यांनी नांदूरघाटच्या रस्त्याला कापसाची नवी जिन काढली होती. कापूस आत जायचा, रुई एकीकडं, सरकी दुसरीकडं, आणि मधे मशिनीचा असा खडखडाट की गाभण म्हशी त्या रस्त्यानं यायच्या बंद झाल्या. जिनचा तो पहिलाच हंगाम. मालकांना जागोजागी अशाच आणखी जिन काढायच्या होत्या, पण प्रत्येक ठिकाणी स्वतः ओरडायला ते एकटे पुरणार कसे? तेव्हा पाहिजेत म्यानेजर. आणि म्यानेजर म्हणजे पदवीधर, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं.

निजामाच्या राज्यात त्या काळी आमच्या बीड जिल्ह्यात बी.ए. झालेला माणूस शोधणं म्हणजे बाभळीला आंबा शोधणं. आणि सापडला तरी त्याचं करायचं काय हा प्रश्नच होता. ज्यांची उर्दू फर्डी ते कचेरीत चिकटत. बाकीचे घरी येऊन ओट्यावर बसत आणि म्हशीला चारा टाकताना इंग्रजीत उसासे सोडत. मालकांना मात्र पदवीबद्दल देवाइतका आदर. त्यांनी पहिला जो बी.ए. जिनवर ठेवला त्याला सांगितलं, “फाटकाकडं बघा.” त्यानं दिवसभर फाटकाकडं बघितलं. कापसाच्या गाड्या उन्हात उभ्या, बैलांच्या जिभा बाहेर, गाडीवाले शिव्या देतायत, आणि हा बघतोय. संध्याकाळी मालकांनी विचारलं तर म्हणाला, “बघितलं.”

त्या संध्याकाळी मालकांनी मला सांगावा धाडला. मी तेव्हा मुंबईत एका कापसाच्या पेढीत नोकरीला होतो, नेमका गावी आलेलो, आणि सुट्टीत तलवाड्याला आलो की मुंबईच्या अशा गोष्टी सांगायचो, की लोकांना वाटे ती पेढी माझ्याच सल्ल्यानं चालते. हा समज मोडायची मला कधी गरज वाटली नाही. “मास्तर,” मालक म्हणाले, “पदवी झालेल्या पोरांना कारभार शिकवायचा. खोली देतो, फळा देतो, पगार देतो.” मी मुंबई सोडली. बायकोनं भांडी बांधली. जिनच्या अंगणातली सरकीची खोली झाडून घेतली आणि ह्या तिघांना घेऊन वर्ग सुरू केला. माझ्या माहितीत तरी अशी शाळा मुंबईपासून हैदराबादपर्यंत दुसरी नव्हती. लंडनलाही नसावी, मी कधी गेलतो न्हाई, पण नसावीच.

सुरुवातीला मी शिकवलं ते सगळे शिकवतात तसंच. मुंबईहून एक इंग्रजी ग्रंथ आणला होता, उशाला घेतला तर मान मोडेल एवढा. तो मी वाचायचा, पोरांनी लिहून घ्यायचा. पोरं हुशार. ग्रंथात नव्हतं तेही त्यांनी लिहून घेतलं. मग मी परीक्षा घेतली. प्रश्न घातला: फाटकावर गर्दी झाल्यास काय करावे? बीडच्या पोरानं असं उत्तर लिहायला घेतलं की वाचून डोळ्यांत पाणी यावं. मुद्दे, पोटमुद्दे, शेवटी इंग्रजी म्हण. तो लिहितोय तेवढ्यात बाहेर खरोखरच गाड्यांची गर्दी झाली. जोखडं अडकली, एक बैल सुटून आमच्या खिडकीपाशी आला, त्यानं मुंडकं आत घातलं आणि उत्तराचा कागद दुसऱ्या पोटमुद्द्यापर्यंत खाल्ला. पोरगा शांतपणे माझ्याकडं आला.

“मास्तर, कोरा कागद द्या.”

“अरे, बाहेर गर्दी झालीय की बे!”

“हो ना, मास्तर. तिच्यावरच लिहितोय.”

त्या दिवशी मी ग्रंथ मिटला. दुसऱ्या दिवसापासून बीडच्याला फाटक दिलं, नेकनूरच्याला इंजिन दिलं, नांदूरघाटच्याला अंगण दिलं, म्हणजे कापूस उतरवणं, रचणं आणि माणसं. दिवसभर काम करायचं आणि दिवेलागणीच्या आधी खोलीत बसून भांडायचं: आज काय चुकलं, कावून चुकलं, उद्या काय करायचं. पोरं पहिले काही दिवस रडकुंडीला आली. बीडच्याला गाडीवाल्यांनी नव्या-नव्या शिव्या शिकवल्या. नेकनूरचा इंजिनात वाकला तो भुवया जाळून आला. पण महिन्याभरात फाटक वाहायला लागलं, बैलांसाठी पाण्याचा हौद झाला, आणि नांदूरघाटचा पोरगा रेच्यावरच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावरच्या, बायांना आत्या-मावशी करत असं काम काढून घ्यायला लागला की मालकांनीही मान डोलावली.

तरी एक रोग उरला होता. तो ग्रंथातही नव्हता आणि अंगणातही बरा होत नव्हता. कार्तिकात एकदा ढग आले. काळे, फुगलेले, पाटलाच्या पोटासारखे. मालक म्हणाले, “कापूस ओलसर वाटतोय, अंगणात पसरा.” तिघांनी वर बघितलं. तिघांनाही कळलं. तिघंही म्हणाले, “जी.” आणि कापूस पसरला. मग अवकाळी असा कोसळला की कापसाचा भिजून एकच लगदा झाला. आठवडाभर त्याच्यावर बगळे येऊन बसत, तळं समजून.

मी विचारलं, “ढग दिसले न्हाईत का?”

“दिसले की,” नेकनूरचा म्हणाला.

“मग?”

“मालक म्हणले ना.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंत ह्या पोरांना एकच विषय खरा पक्का शिकवलेला: वरच्यानं म्हटलं की मान हलवायची. म्यानेजर म्हणजे मालकाचे जादा डोळे. ते पहिल्या डोळ्यांना विचारूनच बघणार असतील तर त्यांना पगार कशाला द्यायचा? म्हणून मी तो तास काढला. मी मालक व्हायचं, काहीतरी अघोरी हुकूम सोडायचा, आणि पोरांनी न्हाई म्हणायचं. अघोरी हुकूम मला मुद्दाम रचावे लागत नव्हते, मालकांचेच पुरत होते.

आणि त्याच तासाला मालक दारात.

ते आत आले. मी पोत्यावरून उतरलो. त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, उलटसुलट करून बघितली. ती त्यांचीच होती.

“म्हंजे माझ्या पैशानं, माझ्या खोलीत, माझ्या काठीनं तुमी पोरांना माझंच ऐकू नका म्हणून शिकवता?”

“नेहमी न्हाई, मालक. फक्त तुमी चुकता तेव्हा.”

हे वाक्य मी बोललो खरं, पण ते तोंडातून गेल्यावर मला ते परत गिळावंसं वाटलं. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग कुठल्याशा अशा रंगाचा, ज्याला मराठीत शब्द नाही.

“ठीक हाय,” ते फार हळू म्हणाले, आणि मालक हळू बोलले की समजायचं, पळावं. “तालुकदारसाहेब बीडहून जिन बघायला येणार हायत. मी त्यांना सांगून बसलोय की माझ्याकडं बी.ए. झालेली पोरं कारभार शिकत्यात. त्या दिवशी मी हात लावणार न्हाई आन तोंडबी उघडणार न्हाई. सकाळच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत जिन ह्या तिघांची. चालवली तर वर्ग राहील. शोभा झाली तर ह्या खोलीत सरकी भरीन, तुमी तलवाड्याला आन पोरं आपापल्या म्हशीकडं.”

सरकी काय, बाहेर तयारच होती. पोत्यांची थप्पी आमच्या खिडकीच्या वर गेली होती आणि हमाल येता-जाता खोलीत डोकावून कोपरे मापत होते.

काही दिवसांनी साहेबांचं, म्हणजे निजामाच्या त्या कलेक्टराचं, पत्र आलं. मालक ते वर्गात घेऊन आले आणि बीडच्या पोरानं उर्दू वाचून दाखवली. तारीख सरकारी, सूर्यावर चालणाऱ्या फसली सालातली, बहमन महिन्याची. त्या सालात चंद्र कधी असतो, कधी नसतो, ह्याचा काही पत्ता लागत नाही. सरकारला चंद्राकडून सारा येत नसल्यामुळं सरकारनं त्याची दखलच घेतली नव्हती. नांदूरघाटच्या पोरानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि एक बोट वर केलं.

“मालक, ह्या तारखेला…”

“साहेबाच्या तारखेला बोट लावायचं न्हाई!” मालक गरजले. बोट असं खाली गेलं की मला वाटलं, आता ते जमिनीतून उकरून काढावं लागणार.

मी तयारीच्या घाईत होतो. पोरांकडून फाटक रंगवून घेतलं, हौद घासला, इंजिनाला इतकं तेल पाजलं की ते ढेकर द्यायला लागलं. एकेकाला शंभर वेळा विचारलं: गाड्या एकदम आल्या तर? पट्टा तुटला तर? साहेबानं मधेच काही विचारलं तर? पोरांना सगळी उत्तरं येत होती. मी रात्री बायकोला म्हणालो, आता आभाळ पडलं तरी वर्ग पडत नाही.

तो दिवस उजाडला. नेकनूरच्यानं भोंगा दिला. आमच्या भोंग्याचा आवाज असा की कोंबडे लाजून आरवायचे सोडून देत. भोंगा वाजला आणि संपला. फाटक उघडं. बीडचा पोरगा फाटकात, कडक इस्त्रीची टोपी. मालक खुर्ची टाकून बसलेले, ओठ घट्ट मिटलेले.

कुणी आलं नाही.

पुन्हा भोंगा दिला. रस्त्यावर एक कुत्रं आलं, फाटकातून आत बघितलं आणि विचार बदलून गेलं. गाडी नाही, गाडीवाला नाही, रेच्यावरची एक बाई नाही, हमाल नाही. मालकांचे ओठ थरथरायला लागले. ते किती वेळ गप्प राहिले ते मी सांगत नाही, पण त्यांच्या आयुष्यात तेवढा वेळ ते झोपेतही गप्प राहिले नव्हते. शेवटी बांध फुटला.

“माणसं कुठं गेली बे? मशिनीनं गिळली का काय?”

नांदूरघाटचा पोरगा पुढं आला. “शेतात गेलेत, मालक. आज येळवस हाय.”

“ती काय आसती?”

मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या गोदाकाठी अमावास्या आली की बैल जुंपत नाहीत, एवढंच. बीडचा पोरगा बाजारपेठेतला, नेकनूरचा मामाकडं हैदराबादेत वाढलेला. पण केजच्या ह्या पट्ट्यात मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे दिवाळीहून मोठी. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, चोरसुद्धा शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पुजायचे, आणि मग आंबील, भज्जी, उंडे, खीर. आपण खायचं आणि वाटेनं जाणाऱ्याला धरून आणून खाऊ घालायचं. हे सगळं पोरानं एका दमात सांगितलं. इथल्या कुणी आम्हांला आधी सांगितलं नाही, कारण इथं येळवस कळवणं म्हणजे माशाला पाणी आहे म्हणून कळवणं.

“मग तू का बोलला न्हाईस बे?”

पोरानं आपल्या बोटाकडं बघितलं.

मालक खुर्चीवरून उठले. “ते काय बी असू दे. तिघं तीन दिशेला पळा. एकेका शेतात जाऊन सांगा, आत्ता जिनवर यायचं. जो येणार न्हाई त्याला उद्यापासून फाटक बंद. त्याचा कापूसबी घेणार न्हाई. मी मालक हाय!”

असा हुकूम मी वर्गात कितीदा दिला असेल! पण सोंगात आणि खऱ्यात फरक असतो. खऱ्या मालकांच्या मिशीला वारा लागतो. मी पोरांकडं बघितलं. हे आता ‘जी’ म्हणणार, धावत जाणार, लोकांच्या ताटावरून माणसं उठवणार, आणि हा सगळा पट्टा पुढं दहा वर्षं आपला कापूस बार्शीला घालणार. आणि मला मधे बोलता येत नव्हतं. दिवस पोरांचा होता.

नांदूरघाटच्यानं तेच बोट पुन्हा वर केलं.

“न्हाई, मालक.”

“काय म्हणलास?”

“न्हाई. आज ताटावरनं उठिवलेला माणूस उद्याबी येत न्हाई. आन कापूस तर त्याच्याच घरात हाय.”

“गप बे! तू रे?” मालक नेकनूरच्याकडं वळले.

“इंजिन इझवलं, मालक,” नेकनूरचा म्हणाला. “भुवया आताशी कुठं उगवल्यात माझ्या, पण न्हाई म्हंजे न्हाईच.”

उरला बीडचा. जी हुजूरवाला. त्यानं इस्त्रीची टोपी काढली, पुन्हा घातली. “मालक, आजचा दिवस जिन आमच्या हातात दिली ना तुमी?”

“चालवायला दिली!”

“मग आमी ती बंद ठिवली.”

मालकांचं तोंड उघडं ते उघडंच. त्यात चिमणीनं घरटं केलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा टांगा फाटकातून आत आला.

साहेब खाली उतरले. उंच, पांढरी दाढी, काळी शेरवानी. त्यांनी गप्प पडलेल्या मशिनीकडं बघितलं, रिकाम्या अंगणाकडं बघितलं. “क्यों भई, आज कारखाना बंद है?”

मालक माझ्याकडं बोट दाखवणार होते, पण बीडचा पोरगा मधे आला. “हमने बंद रखा, हुजूर. आज इधर का बडा त्योहार है. सब लोगां खेत में हैं.”

“और मालिक का हुक्म?”

“लोगों को उठाके लाने का था.”

“माना नहीं?”

पोराच्या कानशिलावरून घामाचा थेंब ओघळला. “नहीं माना, हुजूर.”

साहेब दाढी कुरवाळायला लागले. मला खोलीत सरकी ओतल्याचा सळसळ आवाज ऐकू यायला लागला. मग ते म्हणाले, “मेरे पूरे दफ्तर में ऐसा एक नहीं है,” आणि हे चांगलं की वाईट हे आम्हांला कळायच्या आत पुढं म्हणाले, “खेत किधर है?”

मालक आले नाहीत. “जावा, खावा,” ते म्हणाले, “मी एकटा जिन चालवून दाखवतो.” आम्ही निघालो तेव्हा ते सोगा खोचून इंजिनात कोळसा टाकत होते.

शिवारात पाऊल टाकलं आणि आम्ही संपलो. बांधाबांधावर कोपी, आणि प्रत्येक कोपीतून हाक. पहिल्याच शेतात रेच्यावर काम करणारी एक बाई पदर खोचून आडवी आली. साहेबांबरोबरचा पट्टेवाला पुढं होऊन म्हणाला, “ए बाई, हट. तालुकदारसाहेब हैं.”

“कचेरीत असतील सायेब,” ती म्हणाली. “हितं पाहुणे. बस रं बाबा, हात धू.”

साहेब बसले. पट्टेवालाही बसला. द्रोणात भज्जी वाढली. ही भज्जी तेलात तळलेली भजी नव्हे. बेसन, चिंच, आणि शेतात जे-जे हिरवं दिसेल ते-ते घालून शिजवलेली घट्ट भाजी, इतकी घट्ट की तिच्यात रोवलेला चमचा संध्याकाळपर्यंत उभा होता. वर मातीच्या बिंदग्यातली गार आंबील. साहेबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच द्रोण पुढं केला.

ते शेत झालं की शेजारचं. ‘त्यांच्यात खाल्लं, मग आमच्यात का न्हाई?’ ह्याला कुठल्याच ग्रंथात उत्तर नाही. चौथ्या-पाचव्या शेतानंतर मी मोजायचं सोडलं. साहेबांच्या शेरवानीची गुंडी उडून शेजारच्या तुरीत गेली. बीडचा पोरगा एका गाडीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. तोच गाडीवाला, ज्यानं त्याला शिव्या शिकवल्या होत्या. “खा बे म्यानेजर,” तो सांगत होता, “फाटकावर लई बारीक झालास.” आणि खाता-खाता लोक बोलत होते. जिनवर सावली नाही. वजनाच्या वेळी मालक ओरडतात म्हणून म्हातारे बिचकतात. दुपारी बायांना जेवायला जागा नाही. पोरं ऐकत होती, मधेमधे कारणं विचारत होती, आणि कुणी काही लिहून घेत नव्हतं. आमचा सगळ्यांत चांगला तास तोच झाला म्हणायचा.

एवढ्यात जिनवरून भोंगा वाजला. लांब, कर्कश, चिडलेला. मग कुणाला तरी वाटलं, मालकांनी येळवसीसाठीच वाजवला, आणि सगळ्या शिवारानं हात वर करून जोरात आरोळी दिली. भोंगा पुन्हा वाजला. पुन्हा आरोळी. जेवढा मालक भोंगा ओढत तेवढे लोक खूश होत. “मालक लई हौशी हाय बघा,” एक म्हातारा म्हणाला. “औंदा पयल्यांदाच आमच्या येळवसीला भोंगा.”

दिवस कलायच्या सुमाराला भोंगा थांबला आणि बांधावरून एक काळीकुट्ट आकृती येताना दिसली. लहान पोरं भिऊन कोपीत पळाली. कोळशानं माखलेले मालकच होते ते. भोंग्याला दिवसभर मिळालेली ती दाद काय होती ते बघायला आले होते, असं त्यांनी मागाहून सांगितलं; मला विचाराल तर भज्जीचा वास तिथवर गेला होता. तोंड उघडून काही म्हणणार तोच त्या बाईनं त्यांच्या हातात द्रोण दिला. मालकांनी घास घेतला. दुसरा घेतला. मग कुणाकडं न बघता खाली बसले, आणि साहेबांनी सरकून त्यांना जागा दिली.

“तुम्हारे लडकों ने,” साहेब त्यांना म्हणाले, “कारखाना तो नहीं चलाया, मगर डूबने नहीं दिया.”

मालकांनी आंबील मागितली.

वर्गाचा निकाल त्यांनी सकाळवर ठेवला. सकाळी मी जिनवर जाऊन फळा पुसला, ग्रंथ बांधला. हमाल सरकीची पोती खोलीच्या उंबऱ्याशी आणून उभे, नुसत्या हुकमाची वाट बघत. मग रस्त्याकडून घुंगरांचा आवाज आला. बघतो तर गाड्या! एक टोक आमच्या फाटकात आणि दुसरं, म्हणतात, नेकनूरच्या वेशीत. मी काही तिथवर बघायला गेलो नाही, पण शेवटची गाडी फाटकात आली तेव्हा तिच्या बैलाला मिशा फुटल्या होत्या. बार्शीला निघालेल्या गाड्यासुद्धा वळून आल्या. ‘ज्यांनी आमच्यात खाल्लं त्यांच्यातच घालायचा,’ असं लोक सांगत होते. तिन्ही पोरं धावत होती: फाटक, इंजिन, अंगण. नांदूरघाटच्यानं कुठून तरी कडबा आणून सावलीला मांडव घालायला घेतला होता, मालकांना न विचारता.

मालक गाड्यांच्या रांगेच्या कडेनं लांबवर चालत गेले आणि तसेच परत आले. खाकरले नाहीत. मांडवाखाली क्षणभर थांबले, वर बघितलं. मग माझ्या दाराशी आले.

मी हमालांकडं बघितलं, उंबऱ्यावरच्या पोत्यांकडं बघितलं, आणि विचारलं, “मालक, मग वर्गाचं काय करायचं?”

“पोरं कमी पडत्यात,” ते म्हणाले. “आणखी दोन-चार बघा.”